सातवीच्या वर्गातल्या लाल रेघा

राघोमिस्त्री, सभा झाली. छत्र्या उघडून झाली!

तुम्हाला जाऊन आज सहावा दिवस. सुतकाच्या घरात असा उड्या मारत शिरलो तर शेजारीपाजारी काय म्हणतील, म्हणून आधी कागदाशी बसलोय. मला ठाऊक आहे, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "छापखान्या, मेल्यावर तरी माजी पाठ सोड." नाही सोडत. काल दुपारी तुम्ही बांधलेल्या शाळेत, तुम्हीच सांगितलेल्या वर्गात, तुम्हीच सांगितलेल्या वेळेला जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

पण सरळ कालच्यावर गेलो तर तुम्ही म्हणाल, पाया न भरता भिंत चढवतोय. तेव्हा पायापासून.

कातळाच्या उघड्या सड्यावरची ही आपली हायस्कूलची इमारत. गावातलं एकूण एक घर समुद्राकडे पाठ करून बसलेलं. पश्चिमेची भिंत जाड, तिला झरोका असला तर हातभर, वर छपराची पागोळी खाली ओढलेली, आणि आषाढ लागायच्या आत माडाचे झाप विणून त्या बाजूला बांधलेले. हे कुणी कुणाला शिकवत नाही. गुरांच्या गोठ्यालासुद्धा ही अक्कल आहे. आणि या असल्या गावात एकट्या शाळेनं तेवढं समुद्राकडे तोंड केलं! पश्चिमेला पाच कमानी खिडक्या, एकेक बैलगाडी जाईल एवढी. पडवी नाही. पागोळी वीतभर. पडवी सगळी पूर्वेला, कारण नकाशा काढणारा ओव्हरसियर घाटावरचा, आणि त्याला भीती उन्हाची.

ओव्हरसियरला मी तरी अर्धाच दोष देतो. त्यानं खिडक्या काढल्या, पण तोंड फिरवलं ते आपल्याच माणसांनी. ज्या शेठ लोकांनी मुंबईहून इमारतीसाठी देणगी दिली, त्यांची एकच अट होती. वैशाखात बोटीनं घरी येताना डेकवरून आपली शाळा दिसली पाहिजे. वरचं देणगीदारांचं नाव वाचता आलं पाहिजे. पागोळी पुढे काढली तर अक्षरं झाकली जातात, म्हणून पागोळी कापली. पडवी घातली तर कमानी दिसत नाहीत, म्हणून पडवी काढली. आणि बोट? बोट ज्येष्ठात बंद होते ती नारळी पुनवेपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत ती अक्षरं वाचायला समुद्रावर काळं कुत्रं नसतं, नेमक्या त्याच महिन्यांत त्या अक्षरांच्या खाली बसून पोरं भिजतात! हे मी पहिल्यांदा तुम्हाला मोठ्या तावातावानं सांगितलं तेव्हा तुम्ही विडी झटकत म्हणालात, "तुला आता समजला? मना चौथरा भरताना समजला व्हता."

समजलं होतं तर बांधलंत का, हे आपलं भांडण तिथून सुरू झालं.

त्याआधीची ओळख आठवते? मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, म्हणजे इंग्रजी सातवीत. पश्चिमेच्या टोकाची खोली. बाहेर झड लागली की खिडक्यांच्या झडपा लावायच्या, तर त्या फुगून बसायच्या नाहीत. दोघातिघांनी रेटून बसवल्या तर आत असा काळोख की फळ्यावर मास्तर भूमिती काढतायत की रांगोळी ते कळू नये. तेव्हा झडपा उघड्या, बाकं पूर्वेच्या भिंतीला आणि आम्ही तिघांच्या बाकावर सहा जण. मास्तरांनी झाप बांधायची परवानगी मागितली तर कमिटीनं ठराव केला की शाळेला झाप बांधू नयेत, गोठ्यासारखं दिसतं. या ठरावाची नक्कल माझ्यापाशी आहे. मेल्यावर माझ्याबरोबर जाळा म्हणून सांगून ठेवणार आहे.

तर अशाच एका दुपारी शाळा सुटल्यावर तुम्ही इरलं घेऊन वर्गात आलात. कमरेला पिशवी, पिशवीत ओळंबा, थापी आणि काव लावलेलं सूत. मी वह्या वाळवत होतो. ना ओळख ना पाळख.

"ए झिला, हितं ये. टोक धर."

"कशाचं?"

"सुताचा. बोटाखाली दाब नि हलू नको. बाकीचा काम सूत करील."

जमिनीवर जिथपर्यंत पाणी आलं होतं तिथे, ओलीच्या कडेला, मी एक टोक धरलं, तुम्ही दुसरं. मधोमध चिमटीत उचलून सोडलंत. टण्‌ झालं आणि कोब्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल रेघ. मग तुम्ही बसल्या बसल्या तिच्यावरून छिन्नीचं टोक ओढत गेलात, पुसली जाऊ नये म्हणून.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

"पानी कुठवर आला तां मांडून ठेवतोय. लिवता येत नाय मना. रेघ मारता येते."

दर आषाढात एक रेघ. मी शाळेतून सुटलो, छापखान्यात लागलो, तरी आषाढात तुमचा निरोप यायचा नि मी टोक धरायला जायचो. पोरांना वाटायचं जमिनीचे सांधे आहेत. खरं सांगू? मला ते सगळं जरा खुळचटच वाटायचं. मनात म्हणायचो, रेघांनी कधी कुणाचं आसन हललंय का? हलवायचं तर छापलं पाहिजे! ठळक टाइपात, वर उद्गारचिन्ह, खाली नाव.

आणि मग मी छापलं.

गेल्या वर्षीचं ते पत्रक. मथळा मोठा झोकात होता, 'हायस्कूल की जलसमाधी?' कमिटीला धुतलं, ओव्हरसियरला धुतलं, शेठ लोकांना वाळत घातलं. तिथे थांबलो असतो तर बरं होतं. पण हात चालत होता, टाइप शिल्लक होता, आणि मी तुमच्यावर आलो. नाव घेतलं नाही, पण या गावात शाळा कोणी बांधली हे कुणाला सांगायला लागतं? 'ज्या गवंड्याला वारा कुठून येतो हे कळत नाही त्याच्या हाती थापी देऊ नये.' आणि पुढे, 'पश्चिमेच्या भिंतीला जमिनीलगत भोकं ठेवून त्यानं उंदरांसाठी खास दरवाजे केले आहेत.' या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो. टाइपाचे खिळे जुळवताना हसत होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही छापखान्यात आलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही स्टुलावर बसलात, पत्रक पुढे केलंत, म्हणालात, "वाचून दाखव."

"मिस्त्री, त्यात काय वाचायचं..."

"तुजाच हाय ना? मंग वाच की."

मी वाचलं. मथळ्यापासून. कमिटीचा भाग वाचताना आवाज चढला, मग तुमचा भाग जवळ यायला लागला तसतसा उतरत गेला. एक ओळ गाळायचा प्रयत्न केला. तुम्ही बोट ठेवलंत, "हितं वळ मोठी हाय नि तू बारकी वाचलास." वाचता येत नव्हतं तुम्हाला, पण वितीनं ओळ मोजता येत होती! तेव्हा तीही वाचली. थापीची. उंदरांची.

छापखान्यातली सगळी माणसं खाली माना घालून काम करत होती, म्हणजे ऐकत होती.

तुम्ही पत्रक उजेडाकडे धरून एकदा तिरपं बघितलंत. "अक्षरा झकास बसवलीस. येकसारखी वळीत हायत." आणि उठलात. दारात थांबून म्हणालात, "आज रेघ मारायची हाय. येतोस?"

मी म्हटलं, "मला वेळ नाही."

वेळ होता. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. गेल्या वर्षी टोक तुमच्या घरच्या मंडळींनी, काकींनी धरलं, हे मला नंतर कळलं.

त्या पत्रकानं कमिटीचा केसही वाकडा झाला नाही. अध्यक्ष अण्णासाहेब वकील म्हणे पानसुपारीच्या वेळी ते वाचून दाखवायचे आणि हसायचे. एकाच माणसाला लागलं. मुलींच्या वसतिगृहाचं काम निघालं तेव्हा कंत्राटदारानं तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. "पेपरात आलाय तुमचा," म्हणाला. पेपर नव्हता तो मेल्या, पत्रक होतं. माझं होतं.

आणि वसतिगृहाचा नकाशा कसला? तोच! तीच कमान, तीच कापलेली पागोळी, पश्चिमेला तोंड, शाळेच्या शेजारी तस्संच, म्हणजे बोटीवरून जोडी दिसावी. शाळेतली पोरं निदान संध्याकाळी कोरड्या घरी जातात. लांबलांबच्या खेड्यांतून येणाऱ्या या मुली रात्रंदिवस तिथेच राहणार. त्यांची अंथरुणं, त्यांचे कपडे, त्यांचे आजार. एका पावसात अर्ध्या मुलींचे बाप येऊन त्यांना परत घेऊन जातील, आणि मग हीच कमिटी म्हणेल, बघा, आपल्याकडे मुलींना शिकायचंच नसतं!

यावर मी नवं पत्रक लिहिलं आणि ज्येष्ठ संपता संपता तुमच्याकडे आलो. तुम्ही ओटीवर अंथरुणाला खिळलेले. छातीत घरघर. काकी पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या आणि तुम्ही ती घेत नव्हता.

काकी मला म्हणाल्या, "बघा तुमच्या मिस्त्रींना. गवंड्यांना हुकूम सोडायचे नि आता बायकोचा येक घोट ऐकवना."

मी पत्रक वाचायला लागलो. तुम्ही दोन ओळींतच हात वर केलात.

"मुलींचा नकाशा पास करायची सभा कधी हाय?"

"आषाढाच्या शेवटाला. नकाशा वर पाठवायचाय, म्हणून या वर्षी पावसात घेतायत. एरवी वैशाखात घेतात, शेठ लोक आंब्याला येतात तेव्हा."

"म्हंजे पावसात कदी कोन आलाच नाय शाळंत?"

पाच-सहा वर्षं मी त्या लोकांना आंधळे, बहिरे, निर्लज्ज म्हणत होतो. त्यांनी ती खोली आषाढात बघितलेलीच नाही, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"बसतात कुटं?"

"हेडमास्तरांच्या खोलीत."

"ती पूर्वेला. कोरडी ठणठणीत." तुम्हाला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणालात, "सभेच्या नोटिसा कोन छापतो?"

"मीच."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी उलटा लावलेला चिरा आहे. "मंग? येवढा मोटा कागद कशाला? येक वळ छाप. जागा सातवीचा वर्ग. आवसेला उधान असतंय, भरती दुपारी बाराच्या सुमाराला. वारा तिच्यासंगती चढतो. बाराला ठेव."

"पण मिस्त्री, हेडमास्तर?"

"त्यांच्या पोरांच्या डोक्यावर पन गळतंय."

मी नोटिशीचं प्रूफ घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. त्यांच्या मसुद्यात होतं, चार वाजता, हेडमास्तरांची खोली. माझ्या प्रुफात होतं, बारा वाजता, इयत्ता सातवीचा वर्ग. त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. हसले नाहीत, पण खोडलंही नाही. खाली सही केली आणि म्हणाले, "उजेड चांगला असतो त्या खोलीत." माझ्या आयुष्यातली सर्वांत छोटं पत्रक मी छापलं, मिस्त्री. एक ओळ. उद्गारचिन्हसुद्धा नाही.

आणि तुम्ही मंगळवारी गेलात. पाच दिवस थांबायला काय झालं होतं तुम्हाला? पाच दिवस! आयुष्यभर कंत्राटदारांसाठी थांबलात, चुना मुरायला थांबलात, मजुरीसाठी थांबलात. मी तिरडीमागून चालताना तुमच्यावर रागावलो होतो, हे सांगून टाकतो. रडलो नंतर.

काल आवस. सकाळी उठलो तर काय? ऊन! लख्ख, धुतलेलं, निर्लज्ज ऊन. सड्यावर कावळे पंख वाळवत बसलेले. मी शाळेत जाऊन पाच खिडक्यांतून पाच वेळा समुद्राकडे बघितलं. हेडमास्तरांनी टेबल खिडक्यांना लागून ठेवायला लावलं होतं, वर हिरवं कापड, दौत, नकाशाची गुंडाळी. पावणेबाराला अण्णासाहेब आले, उपरणं झटकून म्हणाले, "वा, हवा छान आहे इथे. दर वेळी इथेच का बसत नाही आपण?" मला त्यांनी ओळखलं. "काय रे जलसमाधी? तूही आहेस का?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

बारा वाजून गेले. अहवाल वाचून झाला. नकाशा उलगडला. त्याचे कोपरे उडायला लागले तेव्हा अण्णासाहेबांनी एका कोपऱ्यावर दौत ठेवली.

मी खिडकीतून बघितलं. क्षितिज नव्हतं. होतं तिथे करडी भिंत उभी होती आणि ती चालत येत होती.

मिस्त्री, तुम्ही हवे होतात! आधी वारा आला. हिरवं कापड उचललं, दौत कलंडली, नकाशावर शाईचा ओहोळ. "झडपा लावा, झडपा!" दोन वकील आणि एक डॉक्टर झडपांना लोंबकळले. एक बसली नाही. मग झड. आडवी, खारट, मुठीनं फेकल्यासारखी. टेबल मागे ओढलं. पाणी मागोमाग. पुन्हा ओढलं. पाणी पुन्हा मागोमाग. शेवटी कमिटीचे सातही सभासद पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून, आम्ही पोरं उभी राहायचो तसे, छत्र्या पुढे धरून उभे! हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "अध्यक्षमहाराज, तिसरा विषय. मुलींचं वसतिगृह. याच नकाशाप्रमाणे."

पावसाच्या आवाजात कुणी काही बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

मी पुढे झालो. भाषण तयार होतं, कसलेलं, तीन दिवस घोकलेलं. केलं नाही. जमिनीवर बोट दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "या रेघा बघा. एकेक आषाढ आहे. राघोमिस्त्रींनी मांडून ठेवलेत." अण्णासाहेब छत्री सावरत वाकले. "सांधे आहेत असं समजत होतो मी," म्हणाले. एकेक रेघ बोटानं मोजत खिडकीपासून आपल्या स्वतःच्या जोड्यांपर्यंत आले. कालचं पाणी शेवटच्या रेघेच्याही पुढे आलं होतं, त्यांच्या जोड्यांपाशी.

आणि मग ते झालं, ज्यासाठी मी हा कागद लिहितोय.

सर जरा थांबली. आणि खोलीभर पसरलेलं ते पाणी उलट चालायला लागलं. डबकं नाही झालं, तिथे थांबलं नाही. सगळं हळूहळू पश्चिमेच्या भिंतीकडे परत निघालं, भिंतीपाशी गोळा झालं, आणि जमिनीलगतच्या भोकांतून गुळगुळ आवाज करत बाहेर गेलं. चार बोटांएवढी भोकं. सहा.

अण्णासाहेबांनी डागाळलेला नकाशा उचलून बघितला. "जमिनीला उतार? ही भोकं? नकाशात नाहीत ही."

"नाहीत," हेडमास्तर म्हणाले. "ओव्हरसियरनं दोनदा बुजवायला लावली. मिस्त्रींनी दोनदा उघडली. नाही तर हा वर्ग पावसाळाभर तळं झाला असता."

माझे उंदरांचे दरवाजे.

मी ज्या वर्गात वर्षभर बसलो, तिथे माझे पाय संध्याकाळपर्यंत वाळायचे. का वाळायचे, हे मी एकदाही विचारलं नाही! आणि तुम्ही ते पत्रक माझ्या तोंडून ऐकलंत, शब्दन्‌शब्द, आणि म्हणालात अक्षरं ओळीत आहेत. एक वाक्य बोलला असतात तर? 'अरे गाढवा, ती पाण्याची वाट आहे.' एवढंच. मी त्याच दिवशी दुसरं पत्रक काढलं असतं. की तुम्हाला बघायचं होतं, मला स्वतःला कधी दिसतंय?

तेव्हा छापून, सही करून, ठळक टाइपात: उंदरांचे दरवाजे हे शब्द मी मागे घेतो. थापीचेही घेतो. येत्या आठवड्यात हे पत्रक गावभर जाईल आणि पहिली प्रत कंत्राटदाराच्या दारावर डकवीन, खळ लावून.

पण एक मी मागे घेत नाही. तुम्हाला चौथरा भरतानाच कळलं होतं. तेव्हा तुम्ही थापी खाली ठेवायला हवी होती. तुम्ही म्हणायचात, "मी नाय बांदला असता तर दुसऱ्यान बांदलान असता, नि उतार पन नसता दिलान." काल ते मी डोळ्यांनी बघितलं, मान्य. तरीही सगळ्या गवंड्यांनी मिळून थापी ठेवली असती तर? हे भांडण अर्धं राहिलंय, मिस्त्री. यात तुम्ही मेलात म्हणून मी हरलो असं होत नाही.

ठराव झाला. ऐका! वसतिगृहाची पाठ समुद्राकडे. पश्चिमेला भिंत, झरोके वर, हातभर पागोळी पुढे, आणि पूर्वेला अंगण. शेठ लोकांना काय कळवायचं यावर थोडा घोळ झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "नाव मागच्या भिंतीवर रंगवा, बोटीवरून भिंत तरी दिसेलच," आणि भिजलेल्या माणसांनी तेवढ्यावर हात वर केले. शाळेला झाप बांधायलाही परवानगी! गोठा दिसला तर दिसू दे, असं अण्णासाहेबांच्या तोंडून निघालं. मी उभ्या उभ्या ते वहीत टिपून घेतलं, उद्या नाकबूल करतील म्हणून. वकीलच ते.

माणसं पांगली. मी मागे राहिलो. पिशवीत तुमचं सूत होतं. परवा काकींनी दिलं. म्हणाल्या, "यंदाची राहिली तेवढी मारा. मी सुतकातून बाहेर येत नाय."

काव कालवली, सूत भिजवलं, ओलीची कडा शोधली. एक टोक भिंतीशी दाबलं आणि मग लक्षात आलं, दुसरं धरायला कोणी नाही. दारात अण्णासाहेब छत्री मिटत उभे होते. माझी फजिती बघत.

"काय हवंय रे?"

"टोक धरायला माणूस."

त्यांनी एकदा धोतराकडे बघितलं, एकदा ओल्या जमिनीकडे. मग निऱ्या वर खोचल्या आणि चक्क उकिडवे बसले. सुताचं टोक हातात घेऊन म्हणाले, "आता काय करायचं?"

मला दुसरं काही येत नव्हतं. तुमचंच सांगितलं. "बोटाखाली दाबा आणि हलू नका. बाकीचं काम सूत करील."

टण्‌ झालं. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर कावेचा आडवा शिंतोडा उडाला, गुडघ्यापासून थेट सोग्यापर्यंत.

हलले नाहीत, मिस्त्री.